ब्रीदर पाइप: इंजिन खोलायच्या आधी इथे बघा

चाकोरी

सोयाबीन निघालं, हातात थोडा पैसा आला, की दिवाळीच्या आगेमागे लोक गाड्या कामाला काढतात. यवतमाळ जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी माझं गॅरेज आहे. या दिवसांत सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार एकच: गाडी ऑइल सोडते. गिअर शाफ्टच्या शीलमधून (दांड्याभोवती ऑइल अडवणारी रबरी कडी), किकच्या शीलमधून, मॅग्नेट कव्हरच्या कडेने, कधी हेडच्या जोडातून. बरेच जण माझ्याकडे येण्याआधीच दुसरीकडे शील बदलून आलेले असतात. कोणाला "फुल इंजिन करावं लागेल" असं सांगितलेलं असतं. त्या खर्चाने कास्तकाराच्या घरात काय होतं ते इथे कोणाला समजावून सांगायची गरज नाही. म्हणून हा धागा. शीलला हात लावण्याआधी ब्रीदर पाइप, म्हणजे इंजिनाच्या आतला दाब बाहेर सोडणारा पाइप, बघा. तो बंद असेल तर कितीही भारी शील टाकलं तरी टिकणार नाही.

कारण सांगतो. पिस्टनच्या वर काय घडतं ते सगळ्यांना ठाऊक असतं, पिस्टनच्या खाली काय घडतं तिकडे कोणी बघत नाही. पिस्टन खाली येतो तेव्हा खालच्या चेंबरमधली, म्हणजे क्रँककेसमधली हवा दाबली जाते. वर जातो तेव्हा तिथेच ओढ तयार होते. स्प्लेंडरचं इंजिन ९७.२ सीसीचं. म्हणजे क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात चेंबरमधली जागा ९७ सीसीने कमी होते आणि पुन्हा तेवढीच वाढते. इंजिन ४००० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ४००० फेऱ्यांवर, असेल तर हे सेकंदाला ६७ वेळा होतं. हिशेब केला तर सेकंदाला साधारण साडेसहा लिटर हवेची ढकलाढकल, आणि तीही शंभर सीसीच्या गाडीत. जुन्या ३५० बुलेटचा पिस्टन ७० मिलिमीटर व्यासाचा, स्ट्रोक ९० मिलिमीटर. तिथे एका झटक्यात ३४६ सीसी.

यात आणखी एक भर पडते. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी भडका उडाला की थोडा गॅस रिंगांच्या फटीतून खाली उतरतोच. याला ब्लो-बाय म्हणतात. नव्या इंजिनात कमी, घासलेल्यात जास्त. पिस्टनने ढकललेली हवा निदान पुन्हा वर ओढली जाते. खाली उतरलेला गॅस मात्र चेंबरमध्येच साठत जातो. चेंबर चारी बाजूंनी बंद असेल तर दाब चढत राहणार आणि जिथे जागा कमजोर तिथून ऑइल घेऊन बाहेर पडणार. सगळ्यात कमजोर जागा म्हणजे शीलचा ओठ. हे शील उडणारं ऑइल अडवायला केलेलं असतं, दाब धरून ठेवायला नाही.

या गॅसमध्ये न जळालेलं पेट्रोल असतं, ऑइलला आंबट करणारे वायू असतात आणि पाण्याची वाफ असते. लिटरभर पेट्रोल जळालं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. त्यातलं बहुतेक सायलेन्सरवाटे निघून जातं, पण थोडं खाली येतं. म्हणजे ब्रीदरकडे दोन कामं: दाब मोकळा करणं, आणि ही वाफ ऑइलमध्ये मुरण्याआधी बाहेर काढणं.

नुसतं भोक पाडून पाइप लावला तर गॅसबरोबर ऑइलही उडेल. म्हणून इंजिनाच्या आतच, कुठे चेंबरच्या वरच्या भागात तर कुठे हेड कव्हरखाली, आडव्या-उभ्या भिंतींची एक छोटी खोली केलेली असते. गॅस त्या वळणांतून जातो, ऑइलचे थेंब जड म्हणून भिंतीला धडकतात आणि खालच्या बारीक छिद्रातून परत चेंबरमध्ये उतरतात. उरलेला गॅस पाइपने एअर फिल्टरच्या डब्यात जातो आणि इंजिन तो पुन्हा ओढून जाळून टाकतं.

काही इंजिनांत या वाटेवर एकतर्फी व्हॉल्व्ह असतो. स्टीलची पातळ पाती, रबराची चोच, किंवा गोळी आणि स्प्रिंग. पिस्टन खाली आला की तो उघडतो, वर जायला लागला की मिटतो. बाहेर गेलेली हवा परत आत येत नाही, त्यामुळे चेंबरमधला सरासरी दाब बाहेरच्या हवेपेक्षा थोडा कमीच राहतो. ऑइल बाहेर पडण्याऐवजी आतच धरलं जातं. माझ्या मते इंजिनातल्या सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित वस्तूंपैकी ही एक आहे.

---

कपाशी

भाऊ, तुमी माह्याच गाडीचं लिवलं असं वाटून राह्यलं. बाबाची शंभर सीसीची गाडी हाय. गिअर शाफ्टचं शील बदलून झालं, किकचं बी झालं, तरी गळणं सुरूच. धूर मारत नाही, ओढते बी चांगली. इथला मिस्त्री म्हनते ब्लॉक खोला लागते. गाडी उन्हाळाभर वावरातल्या बंड्यात उभी होती, मी पुण्याले कामाले होतो. मले सांगा, आधी काय पाहू?

---

चाकोरी

धूर नाही आणि ओढ चांगली, तर ब्लॉक खोलायची घाई अजिबात करू नका.

सगळ्यात आधी ऑइलची लेव्हल. गाडी मेन स्टँडवर, सपाट जागी, इंजिन बंद करून थोडा वेळ थांबा. या जातीच्या इंजिनात डिपस्टिक (ऑइल मोजायची काडी) पुसून नुसती टेकवायची, आटे फिरवायचे नाहीत. फिरवली तर ती जास्त खाली जाते आणि ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. लेव्हल वरच्या खुणेच्या वर असेल तर जास्तीचं काढा. जास्त ऑइल म्हणजे चेंबरमध्ये हवेला जागा कमी आणि उडणारं ऑइल जास्त. "थोडं जास्त टाका, इंजिन थंड राहील" हे आपल्याकडे सर्रास ऐकतो, ते चूक आहे.

मग पाइप. इंजिनाकडून फिल्टरच्या डब्याकडे जाणारा, बोटाएवढा काळा रबरी पाइप. डब्याच्या बाजूने काढा, गाडी आयडलवर ठेवा आणि पाइपच्या तोंडाशी तळहात धरा. हवेचे ठोके जाणवले पाहिजेत. काहीच जाणवलं नाही तर वाट बंद आहे. पाइप दोन्हीकडून काढा, तोंडाने फुंकून बघा, कुठे चिमटलाय का ते बघा. सीटखालच्या वायरिंगमध्ये किंवा टाकी बसवताना तो दबलेला मी खूपदा पाहिला आहे.

आणि हे नीट लक्षात ठेवा: इंजिनाच्या निपलमध्ये (पाइप बसतो ती बारकी नळी) कॉम्प्रेसरची हवा मारू नका. चांगली शीलं उलटतील. तारही आत खोलवर घालू नका, पाती असेल तर वाकेल.

---

वैनगंगाकाठ

आमच्या गाडीला तर असे दोन पाइप आहेत. एक खालून येतो आणि एक पुढून, सायलेन्सरच्या बाजूने हेडला लागलेला. ब्रीदर कोणता?

---

चाकोरी

खालून किंवा हेड कव्हरवरून येणारा तो ब्रीदर. सायलेन्सरच्या बाजूने हेडला लागणारा वेगळा आहे. तो फिल्टरमधली स्वच्छ हवा एक्झॉस्टमध्ये सोडतो, म्हणजे उरलेसुरले न जळालेले वायू तिथे जळतात. त्यातही पातीचाच व्हॉल्व्ह असतो, म्हणून लोक गोंधळतात. त्याचा ऑइल गळतीशी संबंध नाही.

---

मोटर_मास्तर

मी अमरावतीत पॉलिटेक्निकला शिकवतो. चाकोरी यांनी लिहिलेलं बरोबर आहे, थोडी भर घालतो.

पाइपमधून दोन प्रकारचे प्रवाह एकाच वेळी चालू असतात आणि तिथेच सगळे फसतात. एक म्हणजे पिस्टनमुळे होणारी ये-जा. ती मोठी असते, पण तिची गोळाबेरीज शून्य. दुसरा ब्लो-बायचा, जो फक्त बाहेर जातो आणि त्यामानाने अगदी थोडा असतो. सिंगल सिलिंडरच्या पाइपला हात लावल्यावर जाणवणारे जोरदार ठोके बहुतांशी पहिल्या प्रकारचे असतात. त्यावरून "रिंगा गेल्या" असा निकाल देणं चूक.

दोन सिलिंडरांचं इंजिन असेल तर क्रँकच्या रचनेवर सगळं ठरतं. जुन्या ट्रायम्फ, बीएसए यांच्या ३६० अंशांच्या ट्विनमध्ये दोन्ही पिस्टन एकदम खाली-वर होतात, म्हणजे ठोका पूर्ण क्षमतेचा. म्हणूनच ट्रायम्फने कॅमशाफ्टच्या टोकाला फिरता ब्रीदर व्हॉल्व्ह बसवला होता, तो पिस्टनच्या वेळेशी जुळवून उघडायचा आणि मिटायचा. निंजा ३०० सारख्या १८० अंशांच्या ट्विनमध्ये एक पिस्टन वर तर दुसरा खाली, त्यामुळे हवा एका खोलीतून दुसरीत सरकते आणि बाहेरचा ठोका बराच कमी होतो.

इतिहासाचं थोडं. पूर्वी मोटारींमध्ये हा गॅस एका पाइपने सरळ रस्त्यावर सोडत. तो वातावरणात जाऊ नये, इंजिनातच परत जाळावा, याची सुरुवात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात मोटारींपासून झाली. आपल्याकडे दुचाकींना प्रदूषणाचे बीएस-४ नियम एप्रिल २०१७ पासून लागू झाले आणि त्यांच्या जागी बीएस-६ एप्रिल २०२० पासून. आताच्या गाडीचा ब्रीदर फिल्टरच्या डब्याला जोडलेला असतो तो याचसाठी.

---

ट्रॅक्टरवाला_वणी

मास्तर, आमच्याकडे ट्रॅक्टरचा ब्रीदर धूर टाकायला लागला की "बॅक कॉम्प्रेशन मारते" म्हणतात आणि इंजिन कामाला काढतात. ते तर बरोबर ना?

---

मोटर_मास्तर

तीन-चार सिलिंडरांच्या इंजिनात पिस्टन एकमेकांचा ठोका बराचसा खोडून काढतात. तरीही पाइपमधून सतत, दाट धूर येत असेल तर तो ब्लो-बायच आहे, म्हणून ती खूण ट्रॅक्टरला बऱ्यापैकी लागू पडते. हीच खूण सिंगल सिलिंडरच्या मोटरसायकलला लावली की चुकते. तिथे ठोक्याकडे बघू नका, धुराकडे बघा. इंजिन गरम असताना पाइपमधून निळसर, जळक्या वासाचा धूर सतत येत असेल, आणि ऑइलही कमी होत असेल, तर कॉम्प्रेशन तपासा.

---

जुनी_बुलेट

वरोऱ्याहून. माझ्याकडे कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट आहे. हिच्या ब्रीदरला रबराची चपटी चोच असते, बदकाची चोच म्हणतात ती हीच. उन्हाने ती कडक होते. आमच्याकडे मे महिन्यात काय तापतं ते चंद्रपूरवाल्यांना विचारा. कडक झाली की एकतर फाकून उघडीच राहते, नाहीतर ओठ चिकटून बंद होते. उघडी राहिली तर गाडी घामेजते, चिकटली तर शील फेकते. बोटांनी दाबून बघायची. मऊ नसेल तर नवीन घ्यायची, किंमत अगदीच किरकोळ असते.

आणि या इंजिनाची अजून एक गोष्ट. ऑइलची टाकी क्रँककेसच्याच ओतीवात आहे, पण चेंबरपासून वेगळी. गाडी महिनाभर उभी राहिली तर टाकीतलं ऑइल हळूहळू पंपातून झिरपून चेंबरमध्ये उतरतं. मग सुरू केल्याबरोबर ब्रीदरमधून ऑइलची धार येते आणि माणूस घाबरतो. घाबरू नका. पंप ते ऑइल पुन्हा टाकीत पोचवतो. उभ्या गाडीची टाकी कमी दिसली म्हणून वरून ऑइल ओतलं तर मात्र खरंच जास्त होतं.

---

रायडर_नागपूर

एवढं काय करायचं. फिल्टरच्या डब्याचा पाइप काढायचा, ब्रीदरला बाजारातला छोटा गोल फिल्टर लावायचा. इंजिन मोकळा श्वास घेतं, पिकअप वाढतो. आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांनी लावलाय.

---

चाकोरी

दादा, तुमचा अनुभव असेल, पण खेड्यातल्या माणसाने हे करू नये असं मी ठामपणे म्हणतो. एकतर्फी व्हॉल्व्ह नसलेल्या इंजिनात पिस्टन वर गेला की त्या पाइपमधून बाहेरची हवा आत ओढली जाते. नागपूरच्या डांबरी रस्त्यावर एक वेळ चालेल. पांदणीवर, पुढे ट्रॅक्टर चाललेला, काळ्या मातीचा भुगा उडतोय, तिथे तो छोटा फिल्टर किती धूळ अडवणार? धूळ सरळ ऑइलमध्ये जाते आणि ऑइलमधली धूळ म्हणजे बेअरिंग, कॅम आणि रिंगांना पॉलिश पेपर. कंपनीचा डबा मोठा आहे, फिल्टर मोठा आहे, तो पाइप तिथेच राहू द्या. आणि पाइप काढल्यावर डब्याला जे भोक उरतं, ते बरेच जण बुजवत नाहीत. मग फिल्टर न झालेली हवा तिथूनही आत.

---

मोटर_मास्तर

रायडर यांच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, तेही मांडतो. ऑइलची वाफ पेट्रोल-हवेच्या मिश्रणात गेली की ते मिश्रण नॉक व्हायला, म्हणजे आपोआप भडकायला, थोडं सोपं होतं आणि व्हॉल्व्हवर काजळी चढते. रेसच्या गाड्यांत म्हणूनच ब्रीदर वेगळ्या डब्यात सोडतात. पण शंभर-सव्वाशे सीसीच्या रोजच्या गाडीत पिकअप वाढल्याचं जाणवावं एवढा हा फरक नसतो. शिवाय पाइप बाहेर मोकळा सोडला की ती गाडी प्रदूषणाच्या नियमात बसत नाही.

---

गावफेरी

नमस्कार. मी काटोल भागात आरोग्याच्या कामासाठी गावोगाव फिरते. माझ्या गाडीच्या ऑइलच्या झाकणाखाली थंडीत दुधावरच्या सायीसारखा पांढरट-पिवळा थर दिसतो. गॅरेजवाला म्हणाला इंजिनात पाणी गेलंय. गाडी तर कधी पाण्यात घातली नाही. हा ब्रीदरचाच प्रकार आहे का?

---

चाकोरी

ताई, तुमची रोजची फेरी किती लांबीची असते? एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीवर, मध्ये गाडी बंद, असं असेल तर कारण तेच आहे. पौषातल्या सकाळी इंजिन पूर्ण गरम होण्याआधीच तुम्ही ते बंद करता. खाली उतरलेली वाफ थंड झाकणाला लागून पाणी होते आणि ऑइलमध्ये घुसळली जाते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात पाणी येण्याची दुसरी वाट जवळजवळ नसतेच. झाकणाखाली थोडा थर असेल आणि डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल तर चिंता नाही. आठवड्यातून एखादी फेरी सलग अर्धा तास मारा, इंजिन नीट तापलं की पाणी वाफ होऊन ब्रीदरवाटे निघून जाईल. त्यासाठी ब्रीदर उघडा हवा, म्हणून तो एकदा बघून घ्या. डिपस्टिकवरही चहासारखं ऑइल दिसत असेल तर मात्र लगेच बदला. हिवाळ्यात ऑइल थोडं लवकर बदललेलं तुमच्या कामासाठी बरंच.

---

धानाचं_गाव

गडचिरोलीकडचा. आमच्याकडे पावसाळ्यात नाल्यावरच्या रपट्यावरून पाणी असतं. पोरं गाडी तशीच घालतात. मागच्या पावसात शेजाऱ्याची गाडी पाण्याच्या मधोमध बंद पडली. काढल्यावर ऑइल अख्खं पांढरं. पाणी सायलेन्सरमधून गेलं म्हणे. खरं का?

---

चाकोरी

सायलेन्सरमधूनही जाऊ शकतं, पण ब्रीदरची वाट विसरू नका. गरम इंजिन थंड पाण्यात बंद पडलं की चेंबरमधली हवा एकदम आकसते आणि ओढ तयार होते. पाइपचं तोंड किंवा फिल्टरचा डबा पाण्याखाली असेल तर पाणी ओढलं जातं. म्हणून रपट्यावर पाणी वाहत असेल तर गाडी घालूच नये; माणसाच्या जिवालाही तोच धोका आहे. तरी बंद पडलीच तर किक मारत बसू नका. बाहेर काढा, प्लग काढा, फिल्टरचा डबा उघडून पाणी काढा, ऑइल बदला, थोडं चालवून पुन्हा बदला. पांढरं ऑइल तसंच ठेवून दोन दिवस चालवली तर क्रँकचं बेअरिंग जातं.

गाडी आडवी पडली तरी असंच उलटं घडतं: ऑइल ब्रीदरमधून फिल्टरच्या डब्यात येतं, मग सुरू केल्यावर पांढरा धूर निघतो. आधी डबा पुसा, फिल्टर बघा, ऑइलची लेव्हल बघा.

---

राजदूत

माझ्याकडे वडिलांची राजदूत आहे, अजून चालू. तिला ब्रीदर कुठे असतो? मला सापडला नाही.

---

मोटर_मास्तर

तुमच्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या चेंबरला ब्रीदर नाही आणि असूही नये. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या खालची तीच ढकलाढकल कामाला लावलेली असते. पिस्टन वर गेला की पेट्रोल-ऑइलचं मिश्रण चेंबरमध्ये ओढलं जातं आणि खाली आला की दाबून सिलिंडरमध्ये जातं. तिथे चेंबर हवाबंद असावाच लागतो. क्रँकचं शील गेलं की टू-स्ट्रोक नीट चालत नाही ते याचमुळे. ब्रीदर असतो तो गिअरबॉक्सला, कारण तिथलं ऑइल वेगळं असतं आणि गरम झालं की आतली हवा फुगते. गिअर ऑइल झाकणाजवळून घामेजत असेल तर तो बघा.

---

कपाशी

चाकोरी भाऊ, सापडलं! पाइप डब्याच्या बाजूनं काहाडला, हात लावला, काहीच ठोका नाही. इंजिनाकडून काहाडला तं आत मातीचा गोळा, कडक, बोटभर लांब. कुंभारमाशीनं घर केलं होतं. डब्याच्या बाजूचं टोक उन्हाळ्यात निसटून लोंबत होतं, बाबानं मंग तसंच परत बसवलं. पाइप धुतला, निपल पुसलं. आता ठोके मस्त येऊन राह्यले. शील मात्र परत बदला लागन का?

---

चाकोरी

बरं झालं! शील आता लगेच बदलू नका. बाहेरून सगळं पेट्रोलने पुसून कोरडं करा आणि आठ-दहा दिवस वापरा. ओठ उलटला नसेल तर गळणं आपोआप थांबेल. थांबलं नाही तर नवीन टाका, आणि तेव्हा शाफ्टला खाच पडली आहे का तेही बघा. निपलमधून मातीचा कण आत गेला असेल अशी शंका असल्यास ऑइल बदला आणि ऑइलची जाळी साफ करून घ्या. उभ्या गाडीचा कोणताही पाइप उघडा सोडू नका, कापडाचा बोळा लावून वर चिठ्ठी लावा म्हणजे काढायला विसरणार नाही.

---

वैनगंगाकाठ

एक राहिलं. माझ्या गाडीच्या फिल्टरच्या डब्याखाली बूच लावलेली छोटी पारदर्शक नळी आहे, तिच्यात तपकिरी पाणी दिसतं. ते काय?

---

चाकोरी

ब्रीदरमधून आलेलं ऑइल आणि वाफेचं पाणी तिथे जमतं. बूच काढून रिकामं करा आणि पुन्हा घट्ट लावा. पावसाळ्यात आणि थंडीत थोडं लवकर लवकर बघा. नळी काठोकाठ भरली तर ते पाणी मागे डब्यात चढतं आणि कागदी फिल्टर भिजतो. नुसतं पाणी असेल तर ठीक. शुद्ध ऑइलच भरत असेल तर आधी लेव्हल बघा. लेव्हल बरोबर असेल तर आतल्या खोलीचं ऑइल परत जाण्याचं छिद्र गाळाने बुजलेलं असू शकतं. कव्हर बसवताना गॅसकेट पेस्ट भरमसाट लावली की तीही त्याच वाटेवर जाऊन बसते, म्हणून पेस्ट बारीक रेघेएवढीच लावायला सांगा. आणि बूच हरवलं असेल तर नळी उघडी ठेवू नका, तिथूनही धूळ ओढली जाते. कोणत्याही स्पेअरच्या दुकानात मिळतं.